गळ, मासा आणि छातीतील कळ

गेल्या सोमवारी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. त्यांची मुलगी कॅनडात असते. पुढच्या महिन्यात ते दोघे पती-पत्नी तिच्याकडे निघाले आहेत. रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या त्यांनी लिहून घेतल्या आणि उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, एवढ्या गोळ्या मोठ्या बॅगेतच टाकतो. हातातली पिशवी हलकी बरी." मी त्यांना पुन्हा खाली बसवले आणि 2023 सालच्या ऑक्टोबरात माझ्या एका मित्राचे काय झाले ते सांगितले. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे पेपरात लिहा, आमच्यासारखे पुष्कळ आहेत." म्हणून आजचा लेख.

आम्ही चौघे शाळासोबती. कराडला कृष्णेच्या घाटावर वेताची काठी, दोरी आणि कणकेचा गोळा घेऊन तासन् तास गळ टाकून बसायचो. चौघांपैकी एकजण गेली पंचवीस वर्षे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ॲबट्सफर्ड या गावी राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उरलेले तिघे तिकडे गेलो. एक शेतकरी, एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला आणि तिसरा मी. सगळ्यांची वये पंचावन्नच्या आसपास. मित्राने फोनवर सांगून ठेवले होते, "कृष्णेत जो मासा कधी लागला नाही, तो इथे फ्रेझर नदीत लावून देतो. पण एक अट आहे. तो घरी न्यायचा नाही. बघायचा आणि सोडून द्यायचा."

नदीतला म्हातारा

या माशाचे नाव व्हाइट स्टर्जन. उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात सापडणारा हा सर्वांत मोठा मासा. आपल्या नद्यांत तो नाही. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी हाडांच्या टणक ढालींच्या पाच रांगा डोक्यापासून शेपटीपर्यंत असतात. तोंड खालच्या बाजूला, त्यात दात नाहीत, आणि तोंडापुढे चार मिशा. फ्रेझर नदीचे पाणी गढूळ असते. तळाशी डोळ्यांचा उपयोग फारसा नाही, म्हणून हा मासा मिशांनी चाचपडत अन्न शोधतो आणि नळीसारखे तोंड बाहेर काढून ते ओढून घेतो. याचे कूळ डायनासोरच्या काळापासून चालत आलेले आहे. शंभर वर्षांहून अधिक जगणारे स्टर्जन असतात, म्हणजे आपल्या गळाला लागलेला मासा आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो.

पण दीर्घायुष्य हीच त्याची अडचण. मादी वयात यायलाच पंधरा ते तीस वर्षे लागतात आणि त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालत नाही. मध्ये काही वर्षांची खंड पडते. अशी मोठी मादी मारली की भरून यायला एक पिढी जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांसासाठी आणि अंड्यांसाठी (ती महागडी कॅव्हियार) फ्रेझर नदीत या माशांची बेसुमार मारेमारी झाली आणि थोड्याच वर्षांत तो धंदाच बुडाला. पुढे 1993-94 च्या सुमारास नदीत मोठमोठे स्टर्जन मरून तरंगताना आढळले. तेव्हा सरकार जागे झाले आणि 1994 पासून तेथे गळाला लागलेला स्टर्जन ठेवून घ्यायला बंदी झाली. लागला की सोडायचा, हा कायदा.

आपल्याला हे नवीन वाटेल, पण फार नवीन नाही. महाड तालुक्यात वाळण कोंड येथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीर राखले जातात, त्यांना कोणी हात लावत नाही. आपल्याकडे देवीचा धाक आहे, तिकडे परवाना आणि दंडाचा. मासा दोन्हीकडे वाचतो.

बिनकाट्याचा गळ

सोडून द्यायचे म्हणजे कसेही सोडायचे नाही. तेथे गळाला एकच आकडा असतो आणि त्याला उलटा काटा नसतो. आपण लहानपणी वापरायचो त्या गळाच्या टोकाला आतल्या बाजूने एक बारीक उलटा काटा असतो, त्यामुळे तो एकदा शिरला की बाहेर येत नाही. बिनकाट्याचा गळ दोरी ताणलेली असेपर्यंत टिकतो. दोरी ढिली पडली की बहुधा सुटून येतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

मोठा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. नावेच्या कडेला, पाण्यातच धरून त्याची लांबी मोजतात. त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते, ती यंत्राने वाचतात. चिप नसेल तर बसवतात. या कामात नावाडी आणि हौशी माणसे कित्येक वर्षे मदत करत आली आहेत. त्यावरून नदीत किती मासे उरले, ते किती वाढले, याचा अंदाज शास्त्रज्ञांना येतो. सकाळी आमच्या शेतकरी मित्राला साडेपाच फुटांचा एक स्टर्जन लागला. नावाड्याने तो मोजला आणि मग प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला. मी विचारले, "आता सोडत का नाही?" तो म्हणाला, "दमलाय. श्वास येऊ दे." पाच मिनिटांनी माशाने शेपटी जोरात फिरवली आणि तो आपला आपण गेला.

माझ्यातला डॉक्टर तेव्हा जागा झाला. मासा झुंजतो तेव्हा त्याचे स्नायू इतक्या वेगाने काम करतात की रक्तातून येणारा प्राणवायू पुरत नाही. मग ते प्राणवायूवाचून शक्ती काढतात आणि त्यात लॅक्टिक आम्ल साठत जाते. उसना पैसा घेतल्यासारखे हे काम आहे. झुंज संपल्यावर कल्ल्यांतून भरपूर पाणी वाहू लागले की मासा ही उसनवारी हळूहळू फेडतो. पाणी जितके उबदार आणि झुंज जितकी लांब, तितके हे कर्ज मोठे. म्हणून तेथे मजबूत काठी आणि जाड दोरी वापरतात. मासा लवकर जवळ यावा आणि लवकर सुटावा, हा हेतू.

आपण चार जिने भरभर चढलो की मांड्या भरून येतात, तेही हेच. त्या दिवशी माशाच्या दमण्याची एवढी काळजी घेताना मी पाहिली, पण शेजारी बसलेल्या माणसाच्या दमण्याकडे माझे लक्ष नव्हते.

नावेत काय झाले

दुपारी अकराच्या सुमारास दुसरा मासा लागला. पाळी बँकवाल्या मित्राची. मासा फार मोठा असावा. एकदा तो पाण्याबाहेर अर्धा उसळला, तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटेना. मित्राने काठीचा दांडा पोटाच्या पट्ट्यात रोवला, दोन्ही हातांनी काठी धरली, पाय टेकवले आणि दात-ओठ खाऊन ओढू लागला. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. नदीवर बोचरा वारा होता. आम्ही जाड जाकिटे घालून कुडकुडत होतो आणि याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मी म्हणालो, "दे काठी माझ्याकडे."

"थांब रे. आत्ता सुटेल मासा."

"घाम कसला आलाय तुला?"

"काही नाही लेका. सकाळचा तो पराठा. ॲसिडिटी झालीय. इथे जरा आवळल्यासारखं होतंय." असे म्हणून त्याने काठी न सोडता हनुवटीने छातीकडे खूण केली. डावा हात दुखतो का, असे विचारले तर म्हणाला, "काठीने भरून आलाय."

त्याच क्षणी मला दोन दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. एका डोंगरावरच्या बागेत चढण चढताना तो मध्येच थांबला होता, छातीवर तळहात ठेवून. मी हसून म्हणालो होतो, "बँकेतल्या खुर्चीचे व्याज फेडतोयस." सगळे हसले, तोही हसला. दोन मिनिटे थांबला आणि चालू लागला. चालताना छाती आवळते आणि थांबले की मोकळी होते, हे कोणी पेशंटने सांगितले असते तर मी त्याला त्याच दिवशी कार्डिओग्राम काढायला पाठवले असते. मित्राच्या बाबतीत मी विनोद केला. ही माझी चूक. ती येथे लिहून ठेवतो, कारण घरोघरी हेच होते. जवळच्या माणसाचे लक्षण आपल्याला लक्षण वाटत नाही.

मी त्याच्या हातातून काठी अक्षरशः काढून घेतली. नावाडी अनुभवी होता. त्याने मित्राच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता रिळाची दोरी सैल सोडली. क्षणभरात काठी सरळ झाली. बिनकाट्याचा गळ सुटला होता. तो मासा केवढा होता, हे आता कधीच कळणार नाही.

मित्राला नावेत खाली, पाठ टेकवून आणि गुडघे वाकवून बसवले. नाडी वेगाने आणि मधूनच चुकत चालली होती. ॲस्पिरिनची ॲलर्जी नाही, पोटात व्रण नाही, हे मला ठाऊक होते. नावेतल्या औषधपेटीत ॲस्पिरिन होती, ती एक गोळी चावून खायला लावली. तोवर नावाड्याने 911 वर फोन करून कोणत्या धक्क्यावर येतो ते सांगितले होते. आम्ही पोचलो तेव्हा रुग्णवाहिका उभी होती. जाताना मी विचारले, "रक्तदाबाची गोळी आज घेतलीस ना?" तो गप्प. मग म्हणाला, "मोठी बॅग विमानतळावर मागे राहिली, ती चार दिवसांनी आली. मग म्हटलं, चार दिवस काही झालं नाही, तर आता कशाला?"

रुग्णालयात कार्डिओग्राम आणि रक्ताची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के अरुंद झालेली दिसली. तेथेच स्टेंट बसवला. मुलीने हट्टाने प्रवासविमा काढून दिला होता आणि अर्जात रक्तदाबाचा आजार खरा लिहिला होता, म्हणून पैशांची आपत्ती टळली.

हृदय उसनवारीवर चालत नाही

वाचक विचारतील, मासा ओढताना हृदयाला एवढे काय झाले? मांडीचा किंवा दंडाचा स्नायू काही काळ प्राणवायूवाचून, उसनवारीवर काम करू शकतो. हृदयाच्या स्नायूला ती सोय जवळजवळ नाही. तो अहोरात्र काम करतो आणि त्याला रोखीनेच प्राणवायू लागतो. आपण शांत बसलेलो असतानाही हृदयाचा स्नायू त्याला मिळणाऱ्या रक्तातील बहुतेक प्राणवायू काढून घेत असतो. म्हणजे काम वाढले तर त्याच रक्तातून जास्त काढायला फारसे उरत नाही. जास्त रक्तच यावे लागते. रक्तवाहिनी निरोगी असेल तर ती रुंदावते आणि तीन-चार पट रक्त आणते. आतून चरबीचा थर बसून ती अरुंद झालेली असेल तर बसल्या जागी पुरते, पण कष्टाच्या वेळी पुरत नाही. तेव्हा स्नायू उपाशी पडतो आणि छाती आवळते. याला आम्ही अंजायना म्हणतो. त्या अरुंद जागी रक्ताची गुठळी होऊन वाट पूर्ण बंद झाली, की तो हृदयविकाराचा झटका.

त्या दिवशी चार गोष्टी एकत्र आल्या. पहिली, काठी घट्ट धरून ताणून ठेवणे. चालताना स्नायू आवळतात आणि सैल पडतात. पण वजन धरून ठेवताना ते आवळलेलेच राहतात, त्यांतून रक्त नीट वाहत नाही आणि रक्तदाब एकदम चढतो. त्यात माणूस श्वास रोखून जोर लावतो. दुसरी, थंडी. गार वाऱ्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. तिसरी, उत्साह. मोठा मासा लागल्याच्या आनंदातही ॲड्रिनॅलिन वाढतेच. चौथी, बंद पडलेल्या गोळ्या. रक्तदाब काही दुखत नाही, म्हणून चार दिवस काही झाले नाही असे वाटते. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर अचानक बंद केल्या तर हृदयाला उलट जास्त धोका असतो.

यासाठी कॅनडात जायला नको. अडकलेली बैलगाडी ढकलणे, विहिरीतली मोटर ओढून काढणे, पहाटेच्या थंडीत मोटारसायकल ढकलून सुरू करणे, लग्नात एकट्याने तांदळाचे पोते उचलणे, हे सगळे त्याच जातीचे कष्ट. एरवी खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने एक दिवस पहिलवान होऊ नये.

कळ ओळखायची कशी

हृदयाची कळ बहुधा सुईसारखी टोचत नाही. छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे, पट्ट्याने आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटते. ती डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. गार घाम, धाप, मळमळ, कमालीची अस्वस्थता सोबत असू शकते. मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात काही वेळा छातीत फारसे दुखतही नाही. नुसती धाप आणि थकवा असतो. कष्टाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी कळ हा इशारा आहे. तो मिळाल्यावर लगेच डॉक्टरांना दाखवावे. विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत थांबत नसेल, तर झटकाच समजून चालावे.

अशा वेळी काय करावे? माणसाला हालचाल न करू देता बसवावे. जिना चढवू नये, मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नये. 108 किंवा 112 ला फोन करावा. परदेशात कोणता नंबर लागतो ते पोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवावे. अमेरिका आणि कॅनडात तो 911 आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातील व्रण किंवा कोठे रक्तस्राव नसेल तर सुमारे 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी. शेजाऱ्याची घेऊ नये. रक्तदाब कमी असेल किंवा गेल्या दोन दिवसांत पुरुषी शक्तीची म्हणून मिळणारी गोळी घेतली असेल तर ती मुळीच घेऊ नये, दाब धोकादायक खाली जातो. हे विचारायला लाजू नये, सांगायलाही लाजू नये. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

आणि सोडा पिऊन ढेकर येण्याची वाट पाहत बसू नये. बंद वाहिनी उघडायला पहिले काही तास सोन्याचे असतात. "ॲसिडिटी आहे" या एका वाक्याने ते किती घरांत वाया गेले, ते आम्ही डॉक्टर मंडळी जाणतो.

गार पाण्याची भीती

त्या नावेत चढण्यापूर्वी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावे लागले. आम्ही कृष्णेत पोहलेलो, म्हणून जरा कुरकुरलो. पण गार पाण्यात पट्टीचा पोहणाराही बुडतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. मॅनिटोबा विद्यापीठातील डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे: एक, दहा, एक. बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वासाचे. अंगाला गार पाणी लागताच माणूस आपोआप धापा टाकू लागतो, त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. म्हणून पहिल्या मिनिटात पोहण्याची घाई न करता श्वास सावरायचा. पुढची दहा मिनिटे हातापायांची. तेवढाच वेळ बोटे कामाची असतात. आणि मग शुद्ध हरपायला सुमारे एक तास. या सगळ्यात जाकीट तोंड पाण्यावर ठेवते.

आपल्याकडे पाणी एवढे गार नसते हे खरे. पण धरणाच्या खोल पाण्यात, काठावरचा चिखल, गाळातील वेली आणि पोटातील दारू मिळून तेच काम करतात. बुडणाऱ्यामागे उडी टाकण्याआधी दोरी, बांबू, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे मिळेल ते फेकावे. अंग गारठलेल्या माणसाला दारू पाजू नये. दारूने वरवर ऊब वाटते, पण त्वचेच्या वाहिन्या रुंदावून उष्णता अधिकच निघून जाते. ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत.

गळ बोटात शिरला तर

पावसाळ्यात दवाखान्यात असा एखादा पोरगा येतोच. गळ उलट्या काट्याचा असेल आणि तो काटा आत गेला असेल तर ओढू नये, मांस फाटते. दोरी कापून गळ जागच्या जागी ठेवावा आणि यावे. आम्ही जागा बधिर करून टोक पुढे बाहेर काढतो, काटा कापतो आणि गळ मागे घेतो. गळ डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नये. वरून पेला किंवा वाटी धरून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. चुना, तंबाखू, हळद भरू नये. जखम मळकी असेल आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर पुन्हा घ्यावे. माशाचा काटा लागून दोन-चार आठवड्यांनी तेथे न दुखणारी गाठ आली, तर "मासा हाताळला होता" हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. तो एक वेगळाच जंतू असतो आणि नेहमीच्या औषधाने जात नाही.

पुढे काय झाले

मित्र आज चांगला आहे. रोज पाऊण तास चालतो, तंबाखू सोडली, गोळ्या बायकोच्या देखरेखीखाली घेतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, एकच हळहळ. तो मासा मोजता आला नाही." मी म्हणालो, "तो आणखी पन्नास वर्षे आहे तिथेच. तू स्वतःची मोजदाद नीट ठेव."

माशाला मारायचे नाही, दमवायचेही नाही, श्वास आला की सोडायचे, एवढा नियम त्या नदीवर पाळतात. आपल्या वयाच्या मित्रांबरोबर सहलीला जाताना तोच नियम एकमेकांना लावावा. कोणाला दम लागला तर थट्टा करू नये. थांबावे, विचारावे.

सहलीला निघण्यापूर्वी

1. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवाव्यात. थोड्या जादा घ्याव्यात.

2. बॅग हरवली तरी गोळी चुकवू नये. त्याच दिवशी स्थानिक डॉक्टर किंवा औषध दुकान गाठावे.

3. परदेशात प्रवासविमा काढावा आणि अर्जात जुना आजार लपवू नये.

4. पन्नाशीनंतर, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वी तपासणी करावी. विश्रांतीत काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून कष्टाने येणाऱ्या कळेकडे दुर्लक्ष करू नये.

5. नावेत जीवरक्षक जाकीट घालावे. दारू काठावर परतल्यावरही नको, पाण्यावर तर नकोच.

6. छाती आवळली, घाम आला तर हातातले काम, मग तो मासा असो वा पोते, तत्क्षणी सोडावे.